पेज साइज बूटच्या आधीच ठरलेली असते

रॅम जास्त दिसली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू होतानाच, म्हणजे बूटवेळी, पेज साइज वाढवतो, असं काही जण म्हणतात ते अर्धंच बरोबर. पेज म्हणजे मेमरी ज्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाटली जाते, त्यातला एक तुकडा. एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीचे ६४-बिट प्रोसेसर) मूळ पेज ४ केबीचंच, रॅम ४ जीबी असो नाहीतर ५१२. बूटवेळी निवड होते ती कर्नलच्या स्वतःच्या थेट मॅपिंगसाठी (रॅम कर्नलला थेट वापरता यावी म्हणून केलेली पत्त्यांची जोडणी): सीपीयू काय सपोर्ट करतो ते बघून जमेल तिथं २ एमबी किंवा १ जीबीचे तुकडे वापरले जातात. आर्म६४ लिनक्सवर (६४-बिट आर्म प्रोसेसर, रास्पबेरी पायमध्ये असतात तसे) तर ४, १६ की ६४ केबी हे कर्नल कंपाइल करतानाच ठरतं. बूटला फक्त तपासणी. सीपीयूला ती साइज येत नसेल तर कर्नल तिथंच थांबतो, बहुतेक वेळा एक अक्षरही न दाखवता.

हे मला कळलं ते बेळगावच्या उद्यमबागेत. एका ओळखीच्या काकांच्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवायला रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर होता, तो बदलून ५ बसवला. मेमरी कार्ड तेच, पण डेटाबेस उठेचना. काका म्हणाले, "लाईट गेलेली की रात्री, कार्ड उडालं असंल बघ." कार्ड धडधाकट होतं. पाय ५ चा डीफॉल्ट कर्नल १६ केबीचा, आणि त्या डेटाबेसमधला मेमरी ॲलोकेटर (प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणारा भाग) ४ केबी गृहीत धरून बिल्ड केलेला. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून ४ केबीचा कर्नल निवडला, लगेच चालू. दोन रविवार मात्र गेले त्यात.