नवीन घरावरची बिल्डरची वॉरंटी कितपत कामाची?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, नवीन बांधकामात घर घेतोय, पझेशन जवळ आलंय. सेल्सवाला दर वेळी एकच सांगतो, "वॉरंटी आहे ना, टेन्शन कशाला घेता", आणि कागद मागितला की ब्रोशर पुढे करतो. त्याच बिल्डरच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये लोकांच्या भिंतींना ओल आलीये आणि त्यांना "माणूस पाठवतो" एवढंच ऐकायला मिळतंय. वर वाढीव वॉरंटीचं वेगळं पॅकेजही गळ्यात मारायला बघतायत. सगळी कमाई यात जातेय म्हणून विचारतो, या वॉरंटीला खरंच काही अर्थ असतो का?

प्रतिसाद १:
असतो, पण जेवढं लिहून मिळालंय तेवढाच. घर भारतात असेल तर २०१६ च्या रेरा कायद्यातलं (घर घेणाऱ्यांच्या हक्कांसाठीचा बांधकाम क्षेत्राचा कायदा) कलम १४(३) नीट वाचा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरमधला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर त्याने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई मागता येते. तो काही उपकार करत नाहीये, कायद्यानेच बांधलाय त्याला. म्हणून त्या पॅकेजमध्ये याच्यापेक्षा जास्त काय मिळतंय ते आधी विचारा, तेच सगळं परत विकत असतील तर एक रुपया देऊ नका.

प्रतिसाद २:
मी अमेरिकेत आहे, इथे बऱ्याच बिल्डरांची १-२-१० चालते. फिनिशिंग आणि कारागिरीला १ वर्ष, प्लंबिंग वायरिंग वगैरेला २, मुख्य स्ट्रक्चरला १०. ऐकायला १० वर्षं भारी वाटतात पण व्याख्या वाचली की कळतं, बऱ्याच करारांत भार पेलणारा भाग निकामी होऊन घर राहण्यासारखं नाही अशी अवस्था आली तरच ते स्ट्रक्चरल धरतात, साधी भेग त्यात बसत नाही. त्यामुळे खरी किंमत पहिल्या वर्षाची, तेव्हाच सगळं शोधून काढायचं.
दुसरं म्हणजे वॉरंटीच्या मागे उभं कोण आहे ते बघा. ब्रिटनमध्ये एनएचबीसी या नवीन घरांना वॉरंटी देणाऱ्या संस्थेच्या पॉलिसीत पहिली २ वर्षं दुरुस्ती बिल्डरकडे आणि मग १० व्या वर्षापर्यंत ठरावीक मोठ्या दोषांना विम्याचं कव्हर असतं, म्हणजे बिल्डर बुडाला तरी दाद मागायला कोणीतरी असतं. नुसत्या बिल्डरच्या शब्दावरची वॉरंटी त्याची कंपनी चालू आहे तोवरच, आणि प्रोजेक्टपुरती कंपनी काढून नंतर गुंडाळणारेही असतात.

प्रतिसाद ३:
साइटवर काम करतो म्हणून सांगतो, पझेशनची सही करायच्या आधी बाथरूममधलं पाणी जायचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरून किमान २४ तास ठेवायला लावा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. टाइल्सवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला की खाली माल नीट भरलेला नाही. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक चिरा सुकताना येतातच, त्याला घाबरू नका, पण दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका, भेग खुणेच्या पुढे गेली तर इंजिनिअरला दाखवायलाच पाहिजे.
आणि कळकळीने सांगतो, राहायला गेल्या गेल्या बाथरूम फोडून नवीन फिटिंग करू नका. खालचं वॉटरप्रूफिंग फुटतं, मग गळती कुठलीही असो, बिल्डर बोट तुमच्याकडेच दाखवणार.

प्रश्नकर्ता:
खूप आभार, पाण्याची टेस्ट नक्की करून घेतो. तक्रार त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर चालते का? आणि पुढे घर विकलं तर?

प्रतिसाद १:
ग्रुपवर टाका हवं तर, पण तेवढ्यावर थांबू नका. करारात दिलेल्या पत्त्यावर ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने पत्र, सोबत तारखेसकट फोटो. मुदत संपायच्या आत कळवल्याचा पुरावा हातात हवा, त्यांचा माणूस येऊन वरवर पुट्टी मारून गेला तर तेही लेखी कळवा. विकताना बिल्डरची करारातली वॉरंटी पुढच्या मालकाला मिळते की नाही ते करारावर ठरतं, काही ठिकाणी ट्रान्सफर ठरावीक दिवसांत नोंदवावी लागते, ते आत्ताच विचारून ठेवा.