सल्ला हवा : ब्रिटिश अमदानीतील फाशीबंदीची चर्चा कोठून वाचायला घ्यावी?

प्रश्न :
आमच्या वाचनालयाच्या अभ्यासवर्गात पुढील महिन्यात मला ‘परकी सत्ता आणि फाशी’ या विषयावर बोलायचे आहे. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ही शिक्षाच नको, असे त्या काळी कायदेमंडळात कोणी म्हटले होते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
होय. त्याच १९३१ मध्ये बिहारचे सदस्य गयाप्रसाद सिंह यांनी दंडसंहितेतील मृत्युदंड रद्द करणारे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडू पाहिले आणि सरकारतर्फे उत्तर झाल्यावर तो प्रस्ताव फेटाळला गेला. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली तेही हेच वर्ष, आणि काँग्रेसच्या कराची ठरावात मृत्युदंड नसावा असे कलम आले तेही याच वर्षी.

तरीही भाषणांच्या आधी आपण १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६७(५) वाचावे, असे मी आग्रहाने सुचवेन. ज्या गुन्ह्याला फाशी देता येते, त्यात दुसरी शिक्षा ठोठावली तर फाशी का दिली नाही याचे कारण न्यायाधीशाने निकालपत्रात नमूद करावे, असे ते कलम सांगत होते. म्हणजे खुलासा द्यायचा तो जीव वाचवणाऱ्याने. ही सक्ती १९५५ च्या दुरुस्तीने गेली आणि १९७३ च्या संहितेने फाशी देणाऱ्याकडूनच विशेष कारणे मागितली. त्यानंतर विधी आयोगाचे ३५ वा (१९६७) आणि २६२ वा (२०१५) हे अहवाल लागोपाठ वाचा : पहिला फाशी ठेवा म्हणतो, दुसरा दहशतवाद व युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता ती रद्द करा म्हणतो.

उत्तर २ :
गोवा वगळू नका, ही विनंती. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये रद्द केली आणि १८७० मध्ये ती सवलत वसाहतींनाही दिली. त्यामुळे कारवारला खुनाबद्दल माणूस फासावर जाऊ शकत होता, शेजारच्या काणकोणात नाही. मात्र यावरून पोर्तुगीज सत्ता दयाळू होती, असे श्रोत्यांना वाटू देऊ नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडताना तिला ना खटला लागला, ना निकालपत्र.