शब्दचर्चा: ‘यॉर्क फॅक्टरी’ म्हणजे कारखाना, ठाणे की वखार?

प्रश्न
कॅनडात हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर, हेझ नदीच्या मुखाजवळ, हडसन्स बे कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीने १६८४ मध्ये ‘यॉर्क फॅक्टरी’ वसवली. तिच्या इतिहासावरील लेखाचा अनुवाद करताना मी प्रथम ‘यॉर्क कारखाना’ असे लिहिले. परंतु माल तयार करणे हा तेथील व्यवसायच नव्हता. क्री या तेथील आदिवासी समाजाचे लोक आतल्या प्रदेशातून भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून बीव्हरची कातडी आणत आणि त्यांच्या बदल्यात बंदुका, किटल्या, घोंगड्या घेऊन जात. मग ‘फॅक्टरी’ला येथे कोणता मराठी शब्द वापरावा?

उत्तर
‘वखार’ हाच शब्द वापरावा, आणि तो नव्याने घडवावा लागत नाही, याचा मला फार आनंद वाटतो. दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा प्रतिनिधी तो ‘फॅक्टर’, आणि तो जेथे राहतो, माल साठवतो व हिशेब ठेवतो ती ‘फॅक्टरी’. पोर्तुगीजांचा ‘फेतोरिया’ हा शब्दही याच अर्थाचा आहे. यंत्रांच्या कारखान्याचा अर्थ या शब्दाला नंतर चिकटला. सुरतेला आणि राजापूरला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ज्या फॅक्टऱ्या होत्या, त्यांना मराठी इतिहासलेखन वखारीच म्हणत आले आहे. शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीवर कारवाई केली ती १६६१ मध्ये आणि हडसन्स बे कंपनीला राजाची सनद मिळाली ती १६७० मध्ये. म्हणजे लंडनच्या या दोन सनदी कंपन्यांच्या वखारी एकाच शतकातल्या आहेत. लंडनहून जहाज यावे, त्याने आणलेला माल वखारीत उतरावा आणि वर्षभर जमवलेला माल घेऊन ते परत जावे, हा क्रमही सारखाच. फक्त हडसन उपसागर बर्फाने गोठत असल्यामुळे तेथे जहाजांना उन्हाळ्यातील थोडे आठवडेच मोकळे मिळत.

दुसरे मत
व्युत्पत्ती मान्य आहे, पण आजच्या वाचकाला ‘वखार’ म्हटल्यावर लाकडाची किंवा कांद्याची वखार आठवते, फार तर वखार महामंडळ. त्याला तेथे केवळ गोदाम दिसेल. १६९७ मध्ये फ्रेंचांनी हे ठिकाण जिंकले आणि १७१३ च्या उट्रेख्टच्या तहानंतर ते पुन्हा इंग्रजांच्या हाती आले. असा इतिहास असलेल्या जागेला ‘ठाणे’ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पहिल्या उत्तरकर्त्याचा खुलासा
आपली शंका रास्त आहे, परंतु ‘ठाणे’ हा शब्द दुसऱ्या कामासाठी राखून ठेवणे मला आवश्यक वाटते. माँट्रियलचे व्यापारी नद्यांच्या वरच्या भागातच कातडी विकत घेऊ लागले, तेव्हा कंपनीला किनारा सोडून आत जावे लागले आणि १७७४ मध्ये सॅम्युअल हर्न याने सस्कॅचेवान नदीच्या प्रदेशात ‘कंबरलँड हाउस’ उभारले. अशा आतल्या जागांना ‘ठाणे’ आणि किनाऱ्यावरच्या मुख्य केंद्राला ‘वखार’ म्हटले, तर कंपनीच्या व्यवहाराची रचना शब्दांतूनच कळते. ‘फॅक्टर’साठी मात्र सरसकट ‘गुमास्ता’ लिहू नये. गुमास्ता पगारी असतो. १८२१ मध्ये माँट्रियलच्या व्यापाऱ्यांची नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन्स बे कंपनीत विलीन झाल्यानंतरच्या ‘चीफ फॅक्टर’ला नफ्यात वाटा मिळत असे, म्हणून तेथे मूळ पदनामच ठेवून प्रथम उल्लेखाच्या वेळी त्याचा खुलासा द्यावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आता माझे वाक्य असे आहे: ‘हेझ नदीच्या मुखाजवळील यॉर्क वखारीत क्री व्यापारी पाणमांजरांचे चामडे घेऊन येत.’

आणखी एक दुरुस्ती
या वाक्यातील दोन शब्द बदलावेत. पाणमांजर म्हणजे ऊद. तो मासे खाणारा निराळा प्राणी आहे, तर बीव्हर हा झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारा कृंतक, म्हणजे उंदराच्या गटातला प्राणी आहे. आपल्याकडे तो नसल्यामुळे ‘बीव्हर’ हेच नाव ठेवावे. तसेच केस काढून कमावलेले ते चामडे. युरोपातील टोप्यांसाठी हवी असे ती बीव्हरची दाट, मऊ लव, आणि ती कातड्यावर असेपर्यंतच त्याला मोल होते. म्हणून येथे ‘केसाळ कातडी’ असेच लिहावे.