मुलगा विचारतो, "मी पडलो ते देवाने बघितलं का?" त्याला काय सांगू?

विक्रोळीची_सिस्टर

सर्वांना सलाम. जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी. जन्मल्यावर रडायला वेळ लागला, ११ दिवस काचेच्या पेटीत होता. मी स्वतः नर्स, बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलेली, त्यामुळे काय झालं ते मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्याचे पाय ताठ आहेत, घोट्यांना स्प्लिंट लावून वॉकरने चालतो. बोलणं सावकाश, 'श' आणि 'थ' अडकतात. डोकं मात्र तल्लख. आठवीत आहे, मध्य रेल्वेची स्टेशनं कर्जत-कसाऱ्यापर्यंत तोंडपाठ.

दर रविवारी आम्ही विक्रोळीहून भायखळ्याला चर्चला जायचो, अपंगांच्या डब्यातून. मेगाब्लॉक असला की गाडी कुठल्या फलाटावर येईल याचा भरवसा नाही आणि जिना चढायचा म्हणजे वॉकर माझ्या एका हातात, तो दुसऱ्या. तरी जायचो. त्याचाच हट्ट असायचा.

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या मावशींनी फार आग्रह केला म्हणून एका हॉलमध्ये आरोग्यदानाच्या प्रार्थनेला गेलो. बाहेरगावचे प्रचारक होते. त्यांनी त्याला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, "येशूच्या नावाने चाल" म्हणाले आणि वॉकर बाजूला घ्यायला सांगितला. एक स्वयंसेवक आला. वॉकर मीच त्याच्या हातात दिला. हे मला लिहायलाच हवं. १४ वर्षं मी ते पाय चोळते आहे, स्नायू कसे आहेत मला माहीत आहे, तरी त्या क्षणी मी दिला.

तीन पावलं टाकली आणि गुडघ्यांवर आदळला. लोक टाळ्या वाजवत होते, त्या एकदम थांबल्या. मग ते प्रचारक माइकवरच म्हणाले की घरात कोणाचा तरी विश्वास कमी आहे, नाहीतर पूर्वजांचं पाप आड येतंय. आमच्या बिल्डिंगमधल्या आजी तो लहान असताना म्हणायच्या, मागच्या जन्मीचं देणं आहे बाई. मला दोन्हींत फरक दिसला नाही.

टॅक्सीत तो काहीच बोलला नाही. रात्री गुडघ्याला मलम लावत होते तेव्हा म्हणाला, "आई, मी पडलो ते देवाने बघितलं का?"

मी म्हटलं हो. तो म्हणाला, "मग?"

त्या 'मग'वर मला काही सुचलं नाही. तेव्हापासून चर्चला येत नाही. खरं तर त्याचं मन आधीपासूनच दुखावलेलं असणार. याच वर्षी त्याचं दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालं, बिशप आले होते. बरोबरची सहा मुलं वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून प्रभूभोजन (येशूच्या आठवणीतली भाकर आणि प्याला) घेतात. वर जायला तीन पायऱ्या आहेत, म्हणून हा मागे बाकावर बसतो आणि सगळ्यांचं झालं की पाळक खाली येऊन याला देतात. प्रेमाने देतात. पण सगळ्यांत शेवटी, आणि अख्खी मंडळी मान वळवून बघत असते.

वाद घालायला लिहीत नाही. त्याला काय सांगू, एवढंच विचारते.

कल्याण_ईस्ट

ताई, वाचून वाईट वाटलं. पण आशा सोडू नका. माझ्या आईला डॉक्टरांनी हात टेकले होते, आम्ही घरच्यांनी उपास करून प्रार्थना केली, आज ती चालती-फिरती आहे. त्या प्रचारकांची पद्धत चुकली असेल. तरी बायबलमध्ये योहान ५:१४ मध्ये प्रभूने बऱ्या झालेल्या माणसाला 'पुन्हा पाप करू नकोस' असं सांगितलंच आहे ना? स्वतःला तपासून पाहण्यात काय वाईट? मी दुखवायला म्हणत नाही.

निवृत्त_पाळक_परळ

ताई, सलाम. आधी कल्याणच्या भावाला उत्तर देतो, कारण हीच ओळ मी पुष्कळ आईबापांच्या काळजात रुतलेली पाहिली आहे.

भाऊ, आईंना बरं वाटलं याबद्दल देवाचे आभार. पण तोच अध्याय वरून वाचा. तो माणूस ३८ वर्षं आजारी. येशूने त्याला विश्वासाबद्दल एक शब्द विचारला नाही. बरा करणारा कोण, हेही त्याला ठाऊक नव्हतं, तसं १३व्या वचनात आहे. मग 'विश्वास कमी' हे माप कुठून आलं? मार्क २ मध्ये छप्पर उघडून चौघांनी पक्षाघात झालेल्या मित्राला येशूपुढे खाली सोडलं. तिथे येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलं आहे, खाटेवरच्याला काही विचारलेलंच नाही. १४वं वचन त्या एका माणसाला सांगितलेलं आहे. चारच अध्याय पुढे जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. पूर्वजांच्या पापाचं म्हणाल तर मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, असं यहेज्केलच्या १८व्या अध्यायात स्वच्छ आहे.

आणि प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, जावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोणी धजेल का? आपल्या महाराष्ट्रातलंच बघा. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. ऐकू कमी येत होतं, म्हणून ते शिक्षण राहून गेलं. त्याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये आंधळ्या स्त्रियांना घर दिलं, त्याला येशूने दृष्टी दिलेल्या बार्तीमय आंधळ्यावरून बार्तिमी सदन असं नाव आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं आणि १९२२ साली प्रभूकडे गेल्या. त्यांच्या कानांसाठी कोणी प्रार्थना केली नसेल का?

ताई, आता तुमच्याशी. त्या 'मग?'चं उत्तर माझ्याकडे तयार नाही. शास्त्रातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढे दिवस ते बरोबर होते. तोंडं उघडली आणि चुकले. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, ईयोबावर नाही, आणि ईयोबाने तर देवाला उभं-आडवं विचारलं होतं. तुमच्या मुलाचा प्रश्न त्या जातीचा आहे. त्याला गप्प करू नका.

प्रभूभोजनाचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं मीही हेच केलं. आधी कठडा, मग खाली बसलेले म्हातारे आणि अपंग. सोयीचं म्हणून. त्यांना काय वाटत असेल हे एकदाही विचारलं नाही. २ शमुवेल ९ काढा. दावीदाचा मित्र योनाथान, त्याचा मुलगा मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळत होती, तिच्या हातून तो पडला. दावीद राजाने त्याला शोधून आणवलं आणि रोज आपल्या मेजावर जेवायला बसवलं. अध्यायाच्या शेवटच्या वचनात दोन्ही गोष्टी आहेत, तो राजाच्या मेजावर जेवत असे आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. बरा झाला असं कुठेच नाही. आणि त्याला शेवटी वाढलं असंही नाही.

तुमच्या पाळकांशी बोला. वेदीवरून भाकर आणि प्याला आधी खाली आणता येतो, त्याला काही नियम आड येत नाही. वाटल्यास मी बोलतो.

चर्चगेट_फास्ट

मी पूर्ण अंध आहे, फोन बोलून दाखवतो त्यावरून वाचतो आणि लिहितो. शुद्धलेखन सांभाळून घ्या. वय ५२. एकोणिसाव्या वर्षापासून नजर जात गेली, तिशीत संपली.

ताई, तुमच्या मुलाचं पडणं मला माझं वाटलं. मी रोज बोरिवलीहून चर्चगेटला जातो. अपंगांच्या डब्याशी फलाटावर बीप वाजतो, त्या आवाजावर उभा राहतो. एकदा गर्दीत तो डबा चुकला, जनरलमध्ये चढलो. अंधेरीला कोणीतरी माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला असावा. न विचारता डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना सुरू केली, दादरपर्यंत. माझे डोळे उघडावेत म्हणून. डबा बघत असणार. मला दादरला उतरून रडू आलं. तो माणूस चांगलाच होता, पण मी काही मागितलं नव्हतं.

बार्तीमयाची गोष्ट मी मंडळीत शंभरदा ऐकली असेन, प्रवचन नेहमी 'त्याला दिसू लागलं' यावर. माझ्यासाठी ती गोष्ट त्याच्या आधीच थांबते. लोक त्याला गप्प बस म्हणतात, येशू थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळा आहे हे दिसतच होतं. तरी विचारलं. मला आजवर माझ्या मंडळीत हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला असता तर सांगितलं असतं, मला गीतांचं पुस्तक ब्रेलमध्ये हवंय. सगळे पानं उलटायचे तो आवाज यायचा आणि मी पहिलं कडवं म्हणून गप्प. डोळ्यांसाठी प्रार्थना भरपूर झाल्या. पुस्तक नाही मिळालं. शेवटी मीच गीतं फोनवर घेतली, एका कानात ऐकतो आणि म्हणतो.

मधली सात वर्षं मी देवाशी बोलत नव्हतो. परत आलो तो स्तोत्र ८८ मुळे. बाकीची दुःखाची स्तोत्रं कुठेतरी उजेडात येतात, ते अंधारातच संपतं. आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. तेव्हा वाटलं, इथे माझ्यासाठी जागा आहे.

पाळकसाहेबांनी योहान ९ काढलाच आहे तर पुढे वाचा. परुशी, म्हणजे तेव्हाचे धर्मपुढारी, त्या जन्मांध मुलाच्या आईबापांना बोलावून उलटतपासणी करतात. ते घाबरून म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. भीतीने म्हणाले, पण वाक्य बरोबर आहे. ताई, रागावू नका. तुम्ही इथे आम्हाला विचारताय त्याला काय सांगू. त्याला काय हवंय ते त्याला विचारलंत का?

वांद्र्याची

मी कॅथोलिक, त्यामुळे थोडं वेगळं. मला लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक. माझी आई दर सप्टेंबरला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचा पाय विकत घेऊन मोत माउलीला वाहायची. मी त्या पायाकडे बघत राहायची. छान सरळ होता, पोटरी भरलेली. माझा तसा झाला नाही. आईवर माझा राग नाही, ती आई होती. पण घरी येताना दर वर्षी वाटायचं की आज पुन्हा मी नापास झाले.

तुमच्या मुलाने विचारलं, देवाने बघितलं का. आमच्याकडे उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट करतात, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची टप्प्याटप्प्याने प्रार्थना. १४ स्थानकं. त्यात येशू तीनदा पडतो, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानकावर. शुभवर्तमानात हे पडणं नाही, परंपरेतून आलेलं आहे, पण लोकांनी ते शेकडो वर्षं जपलं. माझी सासू लकवा झाल्यापासून सातव्या स्थानकाशी खुर्ची मागून बसते, पुढे जात नाही. "इथपर्यंत मला समजतं," म्हणते.

आणि येशू मरणातून उठला तेव्हाही जखमा गेल्या नव्हत्या, शिष्य थोमाला त्याच दाखवल्या. नॅन्सी आयझलंड नावाच्या अमेरिकन बाई होत्या, स्वतः जन्मापासून हाडांच्या आजाराने अपंग. त्यांनी १९९४ साली यावरच पुस्तक लिहिलं, की पुनरुत्थित ख्रिस्ताचं शरीरसुद्धा धडधाकट नाही, देव आपल्यातला आहे. मी ते वाचलं तेव्हा ४० ची होते. त्यानंतर मेणाचा पाय नाही घेतला. साधी मेणबत्ती लावते.

विक्रोळीची_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. कल्याणच्या दादा, तुमचाही राग नाही.

चर्चगेटवाल्या दादांनी विचारलं ते मला लागलं, कारण मी खरंच विचारलं नव्हतं. शनिवारी रात्री त्याला हे सगळं वाचून दाखवलं. स्थानकांवर त्याने मला थांबवलं. "तिसरं, सातवं, नववं," असं बोटांवर मोजलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग मी विचारलं, तुला काय हवंय? चालायला हवंय असं म्हणेल म्हणून मी मनाची तयारी केली होती. म्हणाला, "डोक्यावर हात ठेवायच्या आधी मला विचारायचं. आणि मला शास्त्रवाचन करायचंय."

बरोबरच्या सहाही मुलांना वाचनाची पाळी आली होती. याला कोणी विचारलं नाही, मीही नाही. मला वाटायचं लोक कंटाळतील, याला वाईट वाटेल.

पाळकसाहेब, मी आमच्या पाळकांशी बोलले. त्यांनी डायरी काढून तारीख लिहून घेतली. वाचनाचा स्टँड पायऱ्यांच्या खाली ठेवणार आहेत आणि त्या रविवारी प्रभूभोजन आधी खाली, मग वर. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीतले एक काका वेळेबद्दल काही बोलले, पाळकांनी ऐकून घेतलं आणि तारीख तीच ठेवली.

'मग?'चं उत्तर अजून द्यायचं राहिलंय. त्याला सांगितलं, मला माहीत नाही. वॉकर मी दिला त्याची माफीही मागितली. तो म्हणाला, "तू रडत होतीस, मी बघितलं."

कुठला भाग वाचायचा ते त्यानेच ठरवलं, २ शमुवेल ९. मी सोपं काहीतरी सुचवलं, कारण त्या नावात त्याला न येणारी दोन्ही अक्षरं आहेत. ऐकत नाही. मागे जाऊन चौथ्या अध्यायातली दाईची ओळही वाचायला लावली त्याने. मी ती तीनदा वाचली. नाव नाही तिचं. त्याला वाचवायलाच पळत होती.

आज सकाळी डबे भरत होते, तर आतून आवाज येत होता. मफीबो, मफीबो. 'शे'वर थांबतो, श्वास घेतो, पुन्हा पहिल्यापासून.