मदत हवी आहे: इओसिनोफिल (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) २८ टक्के, शौच तपासणी क्लिअर, मग जंत आहेत का नाहीत?

होटगीरोडकर: तीन आठवडे झाले पोराचा खोकला जाईना, रात्री छातीतून शिट्टी वाजते, पोट दुखतंय म्हणतो. सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) इओसिनोफिल २८ आलं, वाढलेलं. डॉक्टर म्हणले घरात कुत्रं आहे का, टॉक्सोकेरा (कुत्र्याच्या पोटातला गोलकृमी) बघू. पण संडासची तपासणी तर क्लिअर आहे की ओ! उगं खर्चात पाडायलेत का? लवकर सांगा.

सात_रस्ता: वय किती? कुत्रं किती महिन्याचं?

चादरवाला: आमच्या आजी वावडिंग मधातून द्यायच्या, चार दिवसात जंत साफ. टेस्टा कसल्या करता.

लॅबवाली_ताई: चादरवाले काका, हे तसले जंत नव्हेत. कुत्र्याच्या गोलकृमीची अळी माणसाच्या आतड्यात मोठी होतच नाही, लिव्हर, फुफ्फुस असं फिरत बसते. अंडी घालणार कोण? म्हणून शौचात काही सापडत नाही, रक्ताची एलायझा करतात, त्यात जंताविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी दिसतात. तीही पॉझिटिव्ह आली म्हणजे आत्ताचंच इन्फेक्शन असं नाही, जुनंही असू शकतं, म्हणून लक्षणं धरून बघायचं. दादा, सोनोग्राफी झाली का?

विजापूर_रोड: इओसिनोफिल दम्यात पण वाढतं, हत्तीरोगात पण. लगेच कुत्र्यावर ढकलू नका.

चादरवाला: पण शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी दिली असंलच की. मग परत कुठनं?

लॅबवाली_ताई: ती एकच गोळी असते काका. इथं कोर्स लागतो, तो डॉक्टरच ठरवणार.

गड्डा_फॅन: चावलंय का? रेबीजची इंजेक्शनं पूर्ण केली का??

होटगीरोडकर: चावलं नाही हो. पोरगं पाच वर्षाचं. पिल्लू दोन महिन्याचं, गल्लीतलंच. सोनोग्राफीत लिव्हर जरा मोठं.

सात_रस्ता: पिल्लाला जंताचं औषध दिलं का? आईच्या पोटातच पिल्लात उतरतात ते.

होटगीरोडकर: पिल्लाला कोण देतंय.

सात_रस्ता: घ्या! पिल्लू हागतं कुठं?

होटगीरोडकर: मागं बांधकामाच्या वाळूत. पोरगं पण तिथंच खेळतंय, वाळू तोंडात घालतंय, मारून थकलो.

लॅबवाली_ताई: ताज्या विष्ठेतनं लगेच होत नाही. अंडी मातीत दोन-तीन आठवडे पिकतात, मग लागतात. तीच वाळू. मारू नका त्याला, वाळूवर ताडपत्री टाका.

विजापूर_रोड: फिनेल ओता.

लॅबवाली_ताई: फिनेलनं मरत नाहीत ती अंडी.

विजापूर_रोड: आम्ही वीस वर्षं ओततोय, काही झालं नाही.

होटगीरोडकर: अजून एक, संबंध नसंल कदाचित, टीव्ही बघताना उजवा डोळा झाकतो तो. आम्हाला वाटलं नखरे.

लॅबवाली_ताई: दादा हे आधी सांगायचं! अळी डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाऊ शकते, बहुतेक एकाच डोळ्यात. पडदा तपासून घ्या, आजच. आणि औषध सुरू करायच्या आधी डॉक्टरांना हे सांगा.

गड्डा_फॅन: पिल्लाला दूध-भाकरी देता का चिकन?

होटगीरोडकर: ताई, डोळ्याच्या डॉक्टरांचा साडेपाचचा नंबर मिळालाय. आमचा पोरगा बाप्पू वाळूतच बसलाय अजून, उचलून आणतो.