मदत हवी आहे : सांगशाकची लढाई (मार्च 1944) आणि ब्रिगेडियर होप-थॉमसन यांच्यावर आलेला ठपका

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी मी दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेश आघाडीवरच्या सेनाधिकाऱ्यांविषयी दीर्घ लेख लिहीत आहे आणि तो मणिपुरातील सांगशाकच्या लढाईपाशी येऊन अडला आहे. लष्करात अधिकारी म्हणून काम केलेले, युद्धेतिहासाचे अभ्यासक आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीशी घरचा संबंध असलेले, अशा सर्वांची मला मदत हवी आहे. पार्श्वभूमी थोडी सविस्तर देतो, कारण तिच्याशिवाय प्रश्न नीट मांडता येणार नाही.

मार्च 1944 मध्ये जनरल मुतागुची यांच्या जपानी पंधराव्या सेनेने इंफाळ आणि कोहिमाच्या दिशेने चाल केली. इंफाळच्या बचावाची जबाबदारी चौथ्या कोरचे लेफ्टनंट जनरल जेफ्री स्कून्स यांच्याकडे होती आणि त्यांचे वरिष्ठ होते चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम (पलटणी मिळून ब्रिगेड, ब्रिगेड मिळून डिव्हिजन आणि डिव्हिजन मिळून कोर, अशी ही उतरंड असते). ब्रह्मदेशातील तिद्दिम आणि तामू या गावांकडे पुढे असलेल्या दोन डिव्हिजन मागे घेऊन इंफाळच्या पठारावरच लढाई द्यायची, म्हणजे जपान्यांची रसदीची वाट लांबेल आणि आपली आखूड होईल, हा स्लिम यांचा बेत होता. बेत चांगला होता यात शंका नाही. मात्र तिद्दिमच्या 17 व्या डिव्हिजनला माघारीचा हुकूम केव्हा द्यायचा, हे त्यांनी स्कून्स यांच्यावर सोपवले. हुकूम 13 मार्चला निघाला, तोवर जपानी तुकड्या तिद्दिमच्या रस्त्यात आडव्या आल्या होत्या. त्या डिव्हिजनची वाट मोकळी करण्यासाठी राखीव ठेवलेल्या 23 व्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड तिकडे धाडाव्या लागल्या आणि इंफाळच्या ईशान्येचा उखरुलचा डोंगराळ भाग जवळजवळ उघडा पडला.

तिथे उरली ब्रिगेडियर होप-थॉमसन यांची 50 वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड. ही ब्रिगेड त्या भागात जंगलातल्या लढाईच्या सरावासाठी नुकतीच आली होती आणि तिच्याबरोबर दोनच पॅराशूट पलटणी होत्या. तिसरी पलटण मिळाली ती आपली : लेफ्टनंट कर्नल ट्रिम यांच्या हाताखालची 4/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. तिची मूळ 49 वी ब्रिगेड तिद्दिमच्या रस्त्याकडे गेली होती, पण ही पलटण मागे राहिली आणि परक्या ब्रिगेडियरच्या हुकमाखाली आली. 19 मार्चला जपान्यांची 58 वी रेजिमेंट (जपानी रेजिमेंट म्हणजे साधारण आपल्या ब्रिगेडएवढे दल) समोर ठाकली. 152 व्या पॅराशूट पलटणीची एक कंपनी एका टेकडीवर वेढली गेली आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ संपूर्ण कापली गेली. त्यानंतर ब्रिगेड सांगशाक या तांगखुल नागांच्या गावी एकवटली आणि 26 मार्चच्या रात्रीपर्यंत तिथे लढली.

ती जागा कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय कोणाही सेनाधिकाऱ्याच्या निर्णयावर बोलू नये, असे मला वाटते. माथ्यावरची माती जेमतेम तीन फुटांची होती आणि खाली कातळ होता, त्यामुळे माणूस उभा राहील इतका खंदक खणताच येत नव्हता. काटेरी तार मिळालेलीच नव्हती. पाण्याचे हाल होते. विमानांतून टाकलेली रसद इतक्या छोट्या जागेवर नेमकी पडत नसे, बरीचशी हवाई छत्र्यांसकट जपान्यांच्या हाती जाई. मेलेली खेचरे त्या कातळात पुरता येत नव्हती आणि त्यांच्याच शेजारी जखमींना ठेवावे लागत होते. 26 तारखेला गावातल्या चर्चभोवती हातघाईची लढाई झाली आणि त्याच संध्याकाळी फोडून बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी संदेशाने आला. ब्रिगेडची सुमारे 600 माणसे मृत, जखमी आणि बेपत्ता झाली. उलट बाजूला जपानी मेजर जनरल मियाझाकी यांचेही शेकडो सैनिक कामी आले आणि कोहिमाकडे निघालेल्या त्यांच्या दलाचे मोलाचे दिवस इथे खर्ची पडले. सांगशाक मुळात त्यांच्या वाटणीचे नव्हतेच, ते शेजारच्या जपानी 15 व्या डिव्हिजनच्या हद्दीत होते. कोहिमाचा वेढा 4 एप्रिलच्या सुमारास सुरू झाला आणि तिथली तुटपुंजी शिबंदी पहिली कुमक पोहोचेपर्यंत कशीबशी टिकली. मार्चअखेरचे हे दिवस मिळाले नसते तर काय झाले असते, हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही उमजेल.

एवढे होऊनही होप-थॉमसन यांच्या हातून ब्रिगेडचे नेतृत्व गेले. त्यांना इस्पितळात पाठवून दुसरा अधिकारी नेमण्यात आला आणि ब्रिगेडने कच खाल्ली अशी कुजबुज इंफाळमध्ये पसरली. स्लिम यांनी ऑगस्ट 1944 मध्ये खास आदेश काढून ब्रिगेडचा गौरव केला, पण तोवर काही महिने लोटले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंफाळला व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हस्ते स्लिम आणि स्कून्स यांना ‘सर’ किताब मिळाला. मला स्कून्स यांना कमी लेखायचे नाही. इंफाळ त्यांनी राखले, ही गोष्ट लहान नाही. परंतु उशिरा निघालेल्या हुकमाची किंमत ज्या ब्रिगेडने मोजली, तिच्या ब्रिगेडियरनेच पद गमवावे, हे मला न्याय्य वाटत नाही. हे मत लेखात मांडण्यापूर्वी मला ते जाणकारांकडून तपासून घ्यायचे आहे.

माझी मुख्य शंका अधिकाराच्या साखळीविषयी आहे. नागा गावांतून टेहळणी करणाऱ्या व्ही फोर्सच्या खबरा येत होत्या आणि जपान्यांनी 15 मार्चच्या रात्री चिंदविन नदी ओलांडली होती. तरीही समोर पूर्ण रेजिमेंट येत आहे याची होप-थॉमसन यांना वेळीच कल्पना दिली गेली नाही, असे ब्रिगेडच्या बाजूने सांगितले जाते. ही माहिती खाली पोहोचवणे 23 व्या डिव्हिजनचे, म्हणजे तिचे सेनापती मेजर जनरल रॉबर्ट्स यांचे काम होते, की दोन ब्रिगेड दुसरीकडे गुंतल्यामुळे कोरच्या मुख्यालयाने ते स्वतःकडे घ्यायला हवे होते? मुख्यालयात स्टाफ ऑफिसर म्हणून काम केलेल्यांनी यावर लिहिल्यास फार उपयोग होईल. तार आणि सुरुंग नसताना, वरून माघारीचा हुकूमही नसताना, ब्रिगेडियरला स्वतःच्या जबाबदारीवर जागा सोडण्याची मुभा त्या काळच्या लष्करी शिरस्त्यात कितपत होती, हेही मला समजून घ्यायचे आहे.

स्लिम यांनी 1956 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत दोन चुका स्वतःच्या माथी घेतल्या आहेत. माघारीची वेळ स्कून्स यांच्यावर सोडली ही एक, आणि कोहिमाकडे फार तर एक रेजिमेंट येऊ शकेल असे धरून चाललो ही दुसरी. प्रत्यक्षात जपान्यांची अख्खी 31 वी डिव्हिजन आली. सेनापतीने इतक्या स्वच्छपणे चूक कबूल करणे दुर्मीळ आहे आणि त्यासाठी मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. म्हणूनच पडताळणी हवी आहे : सांगशाकमध्ये ठार झालेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ कोहिमाच्या चालीचे नकाशे सापडले आणि त्यांच्या नकला शत्रूच्या फळीतून इंफाळला पोहोचवल्या गेल्या, असे ब्रिगेडमधील अधिकारी सांगत आले आहेत. त्या नकाशांचे मुख्यालयात पुढे काय झाले, याविषयी कोणी अस्सल कागद पाहिला आहे का?

कागदपत्रांबाबत एक विनंती. ब्रह्मदेश आघाडीवरील पलटणींच्या युद्ध-रोजनिशा लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 172 या मालिकेत आहेत. 4/5 मराठाची मार्च 1944 ची रोजनिशी कोणी तिथे पाहिली असल्यास, किंवा तिकडे राहणाऱ्या कोणाला तिची छायाचित्रे काढणे शक्य असल्यास, कृपया कळवावे. लागणारा खर्च मी देईन. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये खाजगी अभ्यासकाला जुने दप्तर पाहू देतात का, आणि अर्ज कोणाच्या नावे करावा, हेही अनुभवी व्यक्तीने सांगावे. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतात, मात्र सांगशाकला पडलेल्या मराठा शिपायांची नावे मला मराठीत कुठेच एकत्र मिळालेली नाहीत. कोणाच्या घरी त्या काळची पत्रे, पेन्शनची कागदपत्रे किंवा पदके असतील, तर त्यांवरील पलटण आणि तारीख एवढेच कळवले तरी चालेल. व्यक्तीचे नाव कुटुंबाच्या परवानगीशिवाय छापणार नाही.

लेख ऑगस्टअखेर संपादकांकडे द्यायचा आहे. माझ्या मांडणीत कुठे अन्याय होत असेल, विशेषतः स्कून्स किंवा रॉबर्ट्स यांच्यावर, तर तेही निःसंकोच लिहावे.