आजी ‘अविश्वासू’ होती म्हटलं, तर काय चुकलं?

मिरजेची नात:
आजीच्या वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी चार पानं लिहिली. त्यात होतं, ‘आजी फार अविश्वासू होती. गवळ्यानं माप ओतलं की त्याच्यासमोरच दुधात बोट बुडवून बघायची.’ काकांनी तिथंच कागद खाली ठेवला. ‘तिनं कुणाचे पैसे बुडवले गं?’ मला म्हणायचं होतं, तिचा कुणावर विश्वास नसायचा. फोड तर तशीच होते ना? मग चूक कुणाची?

निवृत्त मास्तर:
काकांचं बरोबर आहे. ‘विश्वासू नोकर’ म्हणजे ज्याच्यावर आपण विश्वास टाकतो तो. अर्जाखाली ‘आपला विश्वासू’ लिहितो, तेव्हा ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे’ असं कुठं सांगतो? माझ्यावर ठेवा, असं सांगतो. म्हणून अविश्वासू म्हणजे दगा देणारा. श्रद्धाळू, दयाळू, जिज्ञासू यांत ती भावना त्या माणसाच्याच मनात असते. विश्वासू तेवढा पलीकडच्या काठावर जाऊन बसलाय. ‘अविश्वास’ हे नाम मात्र अलीकडच्याच काठावर राहिलं. 1963 साली कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आणला, तो अविश्वास आणणाऱ्यांचा होता.

पेठेतला:
सरळ ‘संशयी’ लिहा. फक्त घाईत ‘संशयित’ लिहू नका, नाहीतर आजींना पोलीस ठाण्यात बसवाल.

मिरजेची नात:
संशयी नको हो. ते नवरा-बायकोच्या भांडणातलं वाटतं. संशयखोर तर त्याहून वाईट.

गडहिंग्लजकर:
आमच्याकडं म्हणतात, ‘म्हातारीचा कुणावर इतबार न्हाई.’ त्यात टोमणा नसतो, उलट जरा कौतुकच. ‘भरवसा नव्हता’ पण चालेल. मात्र ‘बेभरवशाची’ केलंत तर परत तीच गत. बेभरवशाचा पाऊस असतो.

मिरजेची नात:
इतबार! आणि भरवशावरून आठवलं, ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ हे आजीचं दिवसातून दोनदा ठरलेलं. आता असं लिहिलंय: ‘घरची म्हैस विकली, तेव्हापासून आजीचा कुठल्याच गवळ्यावर इतबार नव्हता.’ काकांना फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘गवळ्याचं काय घेऊन बसलीस, माझ्यावर तरी कुठं होता? मी आणलेली साखर परत तोलायची ती.’